परसातल्या मूठभर भाजीचं करायचं काय, आणि मैत्रिणींच्या हातची चव आपल्या घरी कशी आणायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गच्चीत भाजी लावली आहे, ती कधी मूठभर निघते तर कधी एकदम ढीगभर. मैत्रिणींकडून रेसिपी घेऊन करून पाहता, पण त्यांच्या हातची चव येत नाही. मग घरच्या भाजीवर रोजचा स्वयंपाक करणारे लोक नेमकं करतात काय?

मी काय करते ते सांगते. मैत्रिणीकडून एखादा पदार्थ शिकताना चमचे आणि वाट्या मी सगळ्यात शेवटी विचारते. आधी विचारते, तुमच्याकडे ही भाजी खुडतात कधी, आणि तिचं घेतात काय: पान, देठ, फूल की फळ? दुसरा प्रश्न असतो, अमुक जिन्नस घालतेस तो कशासाठी? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की प्रमाण आपोआप हाताला येतं. बाजारातली भाजी जशी मिळेल तशी आणावी लागते. घरच्या वाफ्यात ती नेमकी कोणत्या दिवशी काढायची हे आपल्या हातात असतं, आणि निम्मी चव तिथेच ठरते.

माझी नोकरी बदलीची होती. सावंतवाडी, जळगाव, नागपूर असं फिरून आता आम्ही साताऱ्यात स्थिरावलो आहोत. घरामागे छोटंसं परस आहे. प्रत्येक गावात कुणा ना कुणा मैत्रिणीच्या ओट्याशी उभी राहून शिकले, त्यामुळे माझ्या परसातल्या जवळजवळ प्रत्येक झाडाला एकेका मैत्रिणीचा पदार्थ चिकटलेला आहे.

शेवग्यापासून सुरू करते, कारण माझा फार जीव आहे त्याच्यावर. साताऱ्याकडे शेवगा म्हटलं की शेंगाच. पण सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या असा बेत घरोघरी असतो. माझी मैत्रीण मूळची मालवणची. झाडाखाली उभं राहून तिनं पहिली गोष्ट सांगितली ती अशी, "कवळो पालो काढ गो." कोवळा म्हणजे किती, तर फांदीच्या टोकाकडची पोपटी पानं. गडद हिरवी झालेली सोडून द्यायची. पाला निवडणं हे यातलं सगळ्यात किचकट काम. त्याला तिची युक्ती अशी: फांद्या धुवायच्या, पाणी चांगलं झटकायचं आणि सुती कापडात गुंडाळून रात्रभर तशाच ठेवायच्या. सकाळी झटकल्या की पानं आपोआप गळून पडतात आणि काड्या हातात राहतात. काड्या भाजीत जाऊ द्यायच्या नाहीत, त्या कितीही शिजवल्या तरी दातात येतात.

कढईत तेलावर ठेचलेला लसूण, हिरव्या मिरच्या आणि भरपूर चिरलेला कांदा घालायचा. कांदा मऊ झाला की भिजवलेली मूगडाळ, आणि डाळ अर्धी शिजली की चिरलेला पाला. पाला पडल्यावर झाकण ठेवायचं नाही, रंग काळवंडतो. शेवटी मीठ आणि मूठभर ओलं खोबरं. कांदा किती घ्यायचा हे मी तिला कधी विचारलं नाही, कारण तो कशासाठी आहे हे तिनं सांगितलं होतं. पाल्याला किंचित कडवटपणा असतो, तो कांद्याच्या आणि खोबऱ्याच्या गोडीनं झाकायचा. त्यामुळे पाला जरा जून निघाला की कांदा वाढवायचा, अगदी कोवळा असला की कमी. अशी रेसिपी कोणत्याही गावात, कोणत्याही झाडावर चालते.

जळगावचं भरीत हा दुसरा धडा. तिथल्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ती वांगी मोठी, पोपटी-पांढरट, बी कमी असलेली. थंडीत शेताशेतांत भरीत पार्ट्या होतात, वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात आणि मग बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, ठेचतात. माझ्याकडे ना ते वांगं, ना त्या काड्या. कुंडीतल्या साध्या जांभळ्या वांग्याचंच मी भरीत करते आणि ते चांगलं होतं, कारण तिथल्या मैत्रिणीनं वांगं ओळखायला शिकवलं. सालीवर चकाकी असेपर्यंतच काढायचं. साल निस्तेज झाली की आत बी धरलेलं असतं, मग भरीत कचकचीत आणि कडसर लागतं. अंगठ्यानं दाबून पाहायचं, खळगा पडून लगेच वर आला पाहिजे. हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं हलकं लागलं तर उत्तम.

वांगी गॅसच्या आचेवर भाजताना हिरव्या मिरच्याही शेजारी भाजून घ्या. मग मिरच्या, लसूण आणि मीठ आधी ठेचायचं आणि त्यात सोललेलं वांगं घालून पुन्हा ठेचायचं. मिक्सरला लावू नका. मिक्सरमध्ये त्याची पेस्ट होते आणि धाग्यांचा तो जो पोत असतो तो जातो. तेलात शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप परतायचे, वरून कांद्याची पात आणि त्यावर हे ठेचलेलं वांगं. खान्देशी भरतात टोमॅटो नाही, गरम मसाला नाही. नुकत्याच काढलेल्या वांग्याला दुसऱ्या कशाची गरजही पडत नाही. सोबत कळण्याची भाकरी असेल तर काय सांगावं. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून आणा, गिरणीवाले देतात दळून.

आता तुमच्या मूठभर भाजीकडे येते. त्यावर मला मिळालेलं सगळ्यात चांगलं उत्तर नागपूरचं आहे: आळण. विदर्भात पालक, मेथी, चाकवत, हाताला लागेल त्या पालेभाजीचं आळण करतात. तेलात मोहरी, जिरं, लसूण, मिरची आणि हळद. त्यावर बारीक चिरलेली भाजी दोन मिनिटं परतायची, पाणी घालायचं आणि उकळी आली की पाण्यात कालवलेलं थोडंसं बेसन ढवळत ढवळत सोडायचं. मंद आचेवर बेसनाचा कच्चा वास जाईपर्यंत उकळू द्यायचं. पिठल्यापेक्षा पुष्कळ पातळ, भातावर ओतून खाण्याजोगं. वरून लसूण आणि सुक्या लाल मिरचीची चरचरीत फोडणी. दोन मुठी मेथीत चार माणसं व्यवस्थित जेवतात. स्वयंपाकघरातल्याच मेथीच्या दाण्यांची कुंडी दर आठवड्याला एक अशी पेरत गेलात, तर महिन्याभरात पहिली कुंडी काढायला येते आणि मग हिवाळाभर साखळी तुटत नाही. मेथी मुळासकट उपटण्याऐवजी कात्रीनं वरवर कापली तर बऱ्याचदा दुसरा फुटवाही मिळतो.

नागपूरच्याच ऑफिसात एक मैत्रीण होती, इंदूरच्या मराठी घरातली. तिनं मक्याचा कीस शिकवला, जो इंदूरच्या सराफ्यात रात्री लोक उभ्यानं खातात. कणसं किसायची, तुपात जिरं, हिंग आणि हिरव्या मिरचीवर तो कीस परतायचा, थोडं थोडं दूध घालत शिजवायचा आणि वरून लिंबू, खोबरं, कोथिंबीर. मी विचारलं, दूध कशाला? तर म्हणाली, बाजारातलं कणीस दोन-तीन दिवसांचं असतं, दाणा घट्ट झालेला असतो, तो मऊ व्हावा आणि गोडी यावी म्हणून. झाडावरून तोडल्या क्षणापासून मक्यातल्या साखरेचं पिठूळ स्टार्च व्हायला लागतं, त्यामुळे तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. घरचं कणीस शेंडीचे केस तपकिरी झाल्यावर, नखानं दाणा दाबला की दुधासारखा रस येतो तेव्हा काढलं आणि लगेच किसलं, तर दूध नाममात्रच लागतं, साखर तर नाहीच. तुम्ही मका लावणार असाल तर एका रांगेत लावू नका, चौकोनात दाटीनं लावा. त्याचं परागीभवन वाऱ्यानं होतं. एका रांगेतल्या झाडांची कणसं अर्धी बोडकी राहतात.

अळूबद्दल लोक उगाच घाबरतात. त्याच्या पानादेठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात म्हणून घसा खाजतो. चिंच किंवा आमसूल आणि भरपूर शिजवणं हा पिढ्यान् पिढ्यांचा उपाय. निवडताना हाताला तेल लावा. काळपट देठाचं, जाड पानाचं अळू वडीला आणि हिरव्या देठाचं मऊ अळू फतफत्याला, हे बहुतेकांना माहीत असतं. परसात तीन-चारच पानं निघतात आणि तीही लहानमोठी, तरी वडी होते. सगळ्यात मोठं पान खाली उलटं ठेवायचं, शिरा लाटण्यानं चेपायच्या, बेसन, थोडं तांदळाचं पीठ, चिंच-गुळाचा कोळ, तिखट आणि तीळ यांचं सारण पातळसर लावायचं, आणि त्यावर लहान पानं रचत जायचं. उरलेले देठ मात्र टाकू नका. ते सोलून, चिरून, चिंच घातलेल्या पाण्यात मऊ शिजवा, पाणी काढून टाका, दह्यात कालवा आणि वर हिंग-मिरचीची फोडणी द्या. ही देठी. आमच्या घरात वडीपेक्षा देठीवर जास्त उड्या पडतात, आणि आजकाल ती फार कमी घरांत होते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सावंतवाडीजवळच गोव्याचा पेडणे तालुका. तिथल्या मैत्रिणीमुळे मी लाल भोपळ्याच्या फुलांची भजी करायला लागले. वेलाला सुरुवातीला बरेच दिवस नुसती नर फुलं येतात आणि लोक काळजीत पडतात की फळ का धरत नाही. ती फुलं हक्कानं खा. बारीक लांब दांडीचं ते नर फूल, आणि खाली इवलासा भोपळा असलेलं ते मादी फूल, त्याला हात लावायचा नाही. मादी फुलं यायला लागली की नर फुलं सकाळी मधमाश्या येऊन गेल्यावर काढा, दुपारपर्यंत ती मिटतात. आतला केसर खुडून टाका आणि फूल उलगडून नीट पाहा, मुंग्या-किडे दडलेले असतात. तांदळाच्या पिठात हळद, तिखट, हिंग, मीठ घालून भज्यासारखं भिजवा, फुलं बुडवून तळा. गरमच खायची, पाच मिनिटांत मऊ पडतात.

एकदम भाजी आली की काय? मिरच्या असतील तर उन्हाळ्यात सांडगी मिरची: चीर देऊन आत धणे, मेथी, हिंग, मिठाचा मसाला भरायचा आणि कडक वाळवायच्या. दहीभातासोबत तळून वर्षभर पुरतात. दोडके फार आले तर गराची भाजी एका दिवशी, आणि सालीच्या शिरांची तीळ-खोबरं घालून परतलेली कोरडी चटणी चार दिवस. शेवटची हिरवी टोमॅटो लाल होण्याची वाट बघू नका, चिरून मिरचीसोबत परता आणि दाण्याचं कूट, गूळ घालून चटणी करा. आणि तरीही उरली तर शेजारी द्या. माझ्या अर्ध्या रेसिपी अशा दिलेल्या भाजीच्या रिकाम्या परत आलेल्या डब्यांबरोबर आल्या आहेत.

मसाल्याबद्दल एकच. घरच्या ताज्या भाजीला मैत्रिणीनं सांगितलेल्याच्या निम्म्या मसाल्यानं सुरुवात करा आणि पाणी जपून घाला, तिचं तिला बरंच पाणी सुटतं. शिजायलाही वेळ कमी लागतो. तुमची चव जुळत नाही त्याचं बहुतेक कारण हेच असावं, कारण रेसिपी बाजारच्या भाजीवर बेतलेली असते आणि तुमची भाजी तासाभरापूर्वी झाडावर होती.

गच्चीच असेल तर सुरुवात मेथी, मिरची आणि एक वांगं यांनी करा. अळूला पाणी सतत लागतं, त्यामुळे भाज्या धुतलेलं पाणी जिथे ओतता तिथे मोठी कुंडी ठेवा. त्याचा कंद विकत आणण्यापेक्षा ज्या मैत्रिणीच्या घरची वडी तुम्ही खाल्ली आहे आणि घसा खाजला नाही, तिच्याकडूनच मागून आणा.