सलाईन चालू आहे, मग जेवायची काय गरज?

"मॅडम, आप्पांना सलाईन चालू आहे. त्यातून ताकद मिळतेच ना? मग जेवा जेवा म्हणून मागे कशाला लागायचं?" न्यूमोनियाने दाखल असलेल्या आप्पांच्या सूनबाईंनी विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आहारतज्ज्ञ म्हणून वॉर्डात फिरताना हा प्रश्न सतत कानावर येतो, आणि तो मायेपोटीच आलेला असतो.

मी त्यांना बाटलीवरचं लेबल वाचायला सांगितलं. ५ टक्के डेक्स्ट्रोज, ५०० मिली. म्हणजे २५ ग्रॅम साखर, फार तर १०० कॅलरी. एका पोळीएवढ्या. प्रथिनं शून्य! नुसत्या मिठाच्या सलाईनमध्ये तर कॅलरीच नसतात. शरीरातलं पाणी आणि क्षार भरून काढायला सलाईन हवंच, पण त्याने पोट भरत नाही. आणि आप्पांचं तर कुपोषण होतंय, असंही मी सांगितलं.

"पण आप्पांचं पोट तर सुटलंय. कुपोषण कसं म्हणता?"

तीन महिन्यांपूर्वी वजन ७८ किलो होतं, आता ७०. न ठरवता दहा टक्क्यांहून जास्त घट झाली की धोका मोठा धरतात, माणूस दिसायला कितीही भरलेला असो. आतून स्नायू झडत असतात. मग कफ खोकून काढायलाही जोर पुरत नाही.

ताट बघितलं तर झाकणसुद्धा काढलेलं नव्हतं. टेबल हात पोचणार नाही इतकं लांब, आणि कवळी घरी राहिलेली. आप्पांना भूक नाही, एवढंच सगळे धरून बसले होते.

कवळी त्याच दिवशी आणवली. पातळ पेज बंद करून घट्ट मुगाची खिचडी, वर तूप. अधूनमधून दही, उकडलेलं अंडं, दूध पावडर घातलेलं दूध. थोडं थोडं, दर दोन-अडीच तासांनी. आजारपणात किलोमागे साधारण १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे आप्पांना दिवसाला ८४ ग्रॅम. एका अंड्यात जेमतेम ६, म्हणून डॉक्टरांना विचारून प्रोटीन पावडरही सुरू केली. किडनीचा आजार असेल तर हे गणित बदलतं. आणि पाच-सहा दिवस पोटात काहीच गेलं नसेल, तर एकदम भरपेट देऊ नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने उतरून जिवावर बेतू शकतं.

उपाशीपोटी करायची तपासणी पुढे ढकलली जाते आणि रुग्ण मात्र उपाशीच राहतो, याचा मला फार त्रास होतो. अशा वेळी सिस्टरना सरळ विचारा, "आता खायला देऊ का?" किती खाल्लं तेही वहीत लिहा, अर्धी वाटी, दोन घास, जे असेल ते. डॉक्टर राउंडला आले की वही त्यांच्या हातात द्या.