मटण कधी चिवट, कधी चोथा

प्रश्न : कुकरला सात-आठ शिट्ट्या देऊनही मटण कधी चिवट राहतं, कधी त्याचा चोथा होतो. नेमका वेळ किती द्यावा?

उत्तर : शिट्ट्या नव्हे, मिनिटं मोजा, प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळी. एक किलो बोकडाचं मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून अर्धा तास मुरवा, कांद्यावर परता आणि वाटीभर गरम पाणी घाला. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून २० मिनिटं, मग वाफ आपोआप जिरू द्या. कोवळ्याला १५ पुरतात, जूनला ३०, म्हशीच्या मांसाला ३५-४० लागतात.

खांदा, मांडी, नळी यांतले चिवट पडदे दीर्घ उष्णतेनंतरच विरघळून रसाला दाटपणा देतात. तुकडा दाताला रबरासारखा लागला, तर तो कच्चा आहे. पुन्हा पाच मिनिटं चढवा. चोथा मात्र जास्त शिजल्याचा, तोही बहुधा चरबी नसलेल्या तुकड्यांचा. त्यावर इलाज नाही. म्हणून खाटकाकडून सगळं मांस एकाच भागाचं घ्या. मांस मऊ व्हावं म्हणून कच्ची पपई लावायची, तर किलोला चमचाभरच. रात्रभर ठेवली की वरून लगदा, आत तसंच. ब्रॉयलर कोंबडीला कुकर कशाला? झाकण ठेवून मंद आचेवर २५ मिनिटं खूप झाली.