डिपेंडंट दाखवला नाही म्हणून मुलगा टेक्सासचा होत नाही

न्यू जर्सीतल्या एका वाचकांचा वीस वर्षांचा मुलगा टेक्सासच्या सरकारी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. तिथलं ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार नोंदणी, स्वतःच्या नावावर लीज, सगळं केलं. यंदा वडिलांनी टॅक्स रिटर्नमधून डिपेंडंट (आपल्यावर अवलंबून) म्हणून असलेलं त्याचं नावही काढलं. तरी इन-स्टेट, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांसाठीच्या कमी फीचा अर्ज नामंजूर झाला. "अपील करू का?" असं ते विचारतात. थोड्याफार फरकाने हाच प्रश्न पुष्कळ पालकांचा असतो.

सध्याच्या कागदांवर अपील करू नका. डिपेंडंट मुलाचं राज्य पालकांचंच धरतात, आणि सगळं अडलंय ते टेक्सास एज्युकेशन कोडच्या (शिक्षण कायद्याच्या) कलम 54.0501 मधल्या 'डिपेंडंट'च्या व्याख्येत. पालकांनी ज्याला डिपेंडंट दाखवलं तो, असं ती म्हणत नाही. ज्याला दाखवता येतं तो, असं म्हणते. तुम्ही क्लेम सोडलात म्हणजे स्वतःची करसवलत सोडलीत, एवढंच. आणि मुलाने त्याच्या टॅक्स रिटर्नच्या 1040 फॉर्मवर 'मला कोणी डिपेंडंट दाखवू शकतं' हा चौकोन रिकामा ठेवला असेल, तर तेही चुकलंच. रिटर्न भरण्याआधी सीपीएला (अकाउंटंटला) एक फोन केला असता तर हे टळलं असतं. आता दोघांची सुधारित रिटर्न भरून घ्या.

दाखवता येतं की नाही, हे फेडरल करकायदा ठरवतो. वर्षाअखेर 24 पूर्ण नाहीत, वर्षातले पाच महिने फुल-टाइम विद्यार्थी, आणि स्वतःचा निम्म्याहून जास्त खर्च त्याने स्वतः उचललेला नाही: असा मुलगा तुमचाच डिपेंडंट. शिक्षणासाठी बाहेर राहणं तुमच्याच घरात राहिल्यासारखं धरतात. भाडं, जेवण, फी, विमा, प्रवास, सगळं कागदावर मांडा. स्कॉलरशिप या हिशेबात येत नाही. मुलाच्या नावावरचं कर्ज त्याच्या बाजूला, पालकांच्या नावावरचं पॅरेंट प्लस कर्ज तुमच्या बाजूला. लीज त्याच्या नावावर आणि भाडं तुमच्या खात्यातून, तर तो खर्च तुमचा. आउट-ऑफ-स्टेट फी धरून निम्मा खर्च कमावणारा विशीतला विद्यार्थी क्वचितच सापडतो.

मुलगा डिपेंडंट नाही हे ठरलं तरी सेन्सस डेटच्या, म्हणजे फॉलमध्ये वर्गांच्या बाराव्या दिवसाच्या, आधी सलग बारा महिने टेक्सासमध्ये डोमिसाइल, म्हणजे कायमचं घर, लागतं. पुरावा बहुधा खऱ्या नोकरीचाच मागतात. विद्यार्थी म्हणून मिळालेली कॅम्पसवरची नोकरी त्यात चालत नाही.

तो डिपेंडंट असेतोवर डोमिसाइल पालकांचं बघतात. दोघांपैकी एकाने टेक्सासमध्ये खरोखर बिऱ्हाड हलवलं आणि सेन्सस डेटआधी वर्ष भरलं, तर मुलाला इन-स्टेट फी लागू होते. एच-1बी व्हिसावरच्या पालकालाही हे जमू शकतं. नुसता भावाच्या घरचा पत्ता लावून जमत नाही.

तुमच्यासाठी त्यातल्या त्यात जवळचा रस्ता कलम 54.213 चा: विद्यापीठाची किमान 1,000 डॉलरची, टेक्सासच्या विद्यार्थ्यांशीही स्पर्धा करून मिळालेली स्कॉलरशिप. ती असेल तर जादा फी माफ होऊ शकते. मात्र ती विद्यापीठाच्या अधिकृत समितीने दिलेली हवी; महाराष्ट्र मंडळाची चालत नाही. अशा सवलतींची संख्या मर्यादित असते, काही विभाग तर ती देतच नाहीत. मुलाच्या विभागाकडे आणि फायनान्शियल एड ऑफिसकडे पुढच्या वर्षाच्या अर्जाची मुदत याच आठवड्यात लेखी विचारा. फोनवरच्या उत्तरावर विसंबू नका.