बटाटा, टोमॅटो, वांगं बंद केलं. आता पुढे काय?

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे. गेले काही महिने तिच्या तीन तक्रारी होत्या. जेवल्यावर तोंडाभोवती लाल पुरळ उठायचं, दुपारी पोट दुखायचं आणि पाय दुखतात म्हणून ती रडायची. माझ्या नणंदेने एक यादी पाठवली. बटाटा, टोमॅटो, वांगं, मिरची, ढोबळी मिरची या सगळ्या 'नाइटशेड' भाज्या, त्यांनी अंगात दाह होतो, त्या बंद कर, असं तिचं म्हणणं. महिना उलटून गेला, यातलं काहीही मुलीला दिलेलं नाही. पुरळ गेलं. पोटदुखीही बरीच कमी झाली. पाय मात्र कधी बरे असतात, कधी नाही. सकाळी उठल्यावर थोडा वेळ उजवा पाय ओढत चालते, मग दिवसभर खेळते. सासूबाईंना हे सगळं थोतांड वाटतं. मुलगी आता कुणाकडेही गेली की खाण्याआधी "यात ते आहे का?" विचारते. वजनही वाढलेलं दिसत नाही. हे पथ्य कायमचं ठेवू का? रताळं आणि काळी मिरीसुद्धा बंद करायची का? नव्वद पदार्थांची अ‍ॅलर्जी एकदम सांगणारी रक्ततपासणी करून घेऊ का? ताकदीसाठी तिला अश्वगंधाची पावडर देते, ती चालेल ना?
— एक आई

उत्तर : ताई, तुम्ही चार प्रश्न विचारलेत, पण मी आधी न विचारलेल्या गोष्टीबद्दल लिहिते. सकाळी उठल्यावर मुलगी उजवा पाय ओढत चालते, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझं लक्ष तिथेच अडकलं. या आठवड्यातच तिला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. आहाराचं आपण नंतर बघू.

वाढत्या वयात मुलांचे पाय दुखतात, हे खरं आहे. साधारण तीन ते बारा वर्षांच्या मुलांमध्ये ते खूप दिसतं. पण ते दुखणं संध्याकाळी किंवा रात्री येतं, बहुतेक वेळा दोन्ही पायांत असतं, पोटऱ्या-मांड्या दुखतात आणि सकाळी मूल काहीच झालं नसल्यासारखं पळायला लागतं. तुमच्या मुलीचं उलट आहे. एकच पाय, तोही सकाळी, आणि हालचाल सुरू झाली की मोकळा होणारा. सांध्याला सूज असली की असं होऊ शकतं. लहान मुलांनाही संधिवात होतो. सोळाव्या वर्षाच्या आत सुरू झालेली आणि सहा आठवड्यांहून जास्त टिकलेली सांध्याची सूज, जिचं दुसरं कारण सापडत नाही, तिला डॉक्टर ज्युव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस म्हणतात. लहान मुलं अनेकदा 'दुखतंय' असं म्हणतच नाहीत, फक्त लंगडतात किंवा त्या पायावर भार द्यायचं टाळतात.

मी आहारतज्ज्ञ आहे, निदान करणं माझं काम नाही, आणि यातून काहीच निघणार नाही अशीही शक्यता आहे. तसं झालं तर मला मनापासून आनंद होईल. तोवर घरी एवढं करा. सकाळी तिला पाय लांब करून बसवा आणि दोन्ही गुडघे, दोन्ही घोटे शेजारी शेजारी ठेवून बघा. एक बाजू जाड दिसते का, हाताला गरम लागते का, दोन्ही गुडघे सारखेच वाकतात का, हे लिहून ठेवा. ती सकाळी चालत असतानाचा छोटा व्हिडिओ काढा, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत पाय मोकळा झालेला असेल. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून विषय सोडू नका, या आजारात ते नॉर्मल असू शकतात. आणि सांध्याची सूज नक्की झाली, तर डोळे तपासून घ्यायला सांगतील, ते टाळू नका. यातल्या काही मुलांच्या डोळ्यांत आतून दाह होतो, तो न दुखता, डोळा लाल न होता वाढतो आणि नजरेवर परिणाम करू शकतो. ताप, वजन उतरणं, दुखण्यामुळे रात्री जाग येणं यातलं काही असेल तर उद्यावरही ढकलू नका.

मला काळजी वाटते ती याचीच. पथ्यामुळे पुरळ गेलं, पोट बरं झालं, म्हणजे पायही हळूहळू होतील, असं धरून घरं वाट बघत राहतात. सांधेदुखी आणि या भाज्या यांचा संबंध लोकांच्या मनात बसला त्यात नॉर्मन चाइल्डर्स यांचा मोठा वाटा आहे. ते अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात उद्यानविद्येचे प्राध्यापक होते. या भाज्या सोडल्यावर आपले सांधे सुधारले असं त्यांना जाणवलं आणि मग त्यांनी हे पथ्य करणाऱ्या लोकांचे अनुभव गोळा केले. अनुभव प्रामाणिक असतील. पण पथ्य न करणाऱ्या माणसांचा गट तुलनेला नव्हता. सांधेदुखी मुळातच कमी-जास्त होत राहते, त्यामुळे अशा अनुभवांवरून मुलाच्या ताटातल्या पाच भाज्या कायमच्या काढता येत नाहीत.

आता पुरळाकडे येते. तुम्हाला दिसलेला फरक मी खोटा ठरवत नाही. तोंडाभोवती, जिथे अन्न लागतं तिथेच, जेवणानंतर लगेच उठणारी लाली लहान मुलांत टोमॅटोने होताना मी नेहमी बघते. टोमॅटो आंबट असतो, त्याचा रस नाजूक त्वचेला झोंबतो. मूल ओठ चाटत असेल तर आणखीच. बऱ्याचदा ही अ‍ॅलर्जी नसते, नुसती त्वचेची चुरचुर असते. जेवणाआधी तोंडाभोवती पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावला आणि जेवल्यावर पाण्याने हलकेच पुसून घेतलं की अनेक मुलांना टोमॅटो चालतो. टोमॅटोची खरी अ‍ॅलर्जी असते, बटाट्याचीही असते, पण मुलांमध्ये नेहमी आढळणारी अ‍ॅलर्जी दूध, अंडं, शेंगदाणे, सुकामेवा, गहू, सोया, मासे, तीळ यांची. ओठ-डोळे सुजणं, अंगभर गांधी उठणं, लगेच उलट्या, श्वासाला घरघर असं कधीही झालं असेल, तर खाली लिहिलेला प्रयोग घरी करायचा नाही. तो फक्त अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांसमोर.

पोटदुखीचं मला वेगळंच वाटतं. तुम्ही पाच भाज्या बंद केल्या तेव्हा त्यांच्याबरोबर घरातून आणखी काय गेलं, ते आठवून बघा. वेफर्स, फ्रेंच फ्राइज, केचप, पिझ्झा, मसाला लावलेला पाकिटातला खाऊ, तिखट. त्यांच्या जागी काय आलं? बहुधा घरचं, साधं, वेळेवर. यातल्या कशाने पोट बरं झालं हे आज तुम्हाला सांगता येणार नाही, मलाही नाही. तिचं शौचाला होणं सुधारलंय का, तेही बघा. या वयात दुपारच्या पोटदुखीमागे बद्धकोष्ठता फार वेळा असते.

म्हणून पथ्य कायमचं ठेवायचं की नाही, याचं उत्तर फक्त पथ्य करून मिळत नाही. बंद केल्यावर बरं वाटणं ही अर्धी परीक्षा झाली. पुन्हा सुरू केल्यावर तेच त्रास परत येतात का, ही उरलेली अर्धी, आणि ती जवळपास कुणीच देत नाही. बरं वाटलं की लोक तिथेच थांबतात. या प्रयोगाला दोन ते चार आठवडे पुरतात. तुमचे ते होऊन गेलेत.

शिवाय या पाच भाज्या म्हणजे एकच पदार्थ नव्हे. सोलॅनेसी, म्हणजेच नाइटशेड कुळात दोन हजारांहून जास्त जाती आहेत, तंबाखू आणि धोतराही त्यातलेच. नातं वनस्पतींचं आहे, पोटात गेल्यावर त्या सारख्या वागतील असं नाही. तिखट मिरचीत तिखटपणा आणणारं कॅप्सायसिन असतं, ढोबळी मिरचीत ते जवळपास नसतंच. पिकलेला टोमॅटो आणि हिरवा टोमॅटो यांच्यातसुद्धा फरक आहे, हिरव्यातलं टोमॅटिन नावाचं द्रव्य पिकताना खूप कमी होतं. म्हणून एकेक भाजी वेगळी आणायची.

सुरुवात बटाट्याने करा. सोललेला, उकडलेला, मिरची न घातलेला. पहिल्या दिवशी दोन घास, दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी, तिसऱ्या दिवशी ती पूर्वी खायची तेवढा. मग तीन-चार दिवस नवीन काही नाही. काही झालं नाही तर बटाटा ताटात परत आला. पुढे वांगं, मग ढोबळी मिरची, मग शिजवलेला टोमॅटो, शेवटी कच्चा टोमॅटो. तिखट मिरचीची सात वर्षांच्या मुलीला घाई नाही. या काळात साबण, क्रीम, झोपेची वेळ, दुसरं काही बदलू नका. ती सर्दी-तापाने आजारी असेल तर थांबा. वहीत रोज चारच ओळी लिहा : काय खाल्लं, त्वचा कशी, पोट कसं, पाय कसे.

आणखी एक सुचवते, आणि हे खरंच करून बघा. कोणती भाजी कोणत्या दिवशी सुरू करायची हे तिच्या बाबांनी ठरवावं आणि त्यांनीच ती सूपमध्ये किंवा कणकेत मिसळावी. वही तुम्ही लिहायची, पण आज काय मिसळलंय हे तुम्हाला माहीत नको. तुम्ही इतके दिवस जीव मुठीत धरून तिच्याकडे बघताय. 'आज बटाटा दिलाय' हे माहीत असेल तर तिची प्रत्येक कुरकुर तुम्हाला बटाट्याची वाटेल, तिलाही वाटेल. सासूबाईंनाही वही दाखवा. थोतांड की खरं, हा वाद मग दोघींना बोलून मिटवावा लागणार नाही.

'यात ते आहे का?' हा तिचा प्रश्न मला तुमच्या बाकीच्या प्रश्नांपेक्षा जास्त टोचला. माझ्याकडे अशी मुलं येतात ज्यांचं एक पथ्य वाढत वाढत ताट चार-पाच पदार्थांवर आलेलं असतं, आणि पथ्य संपलं तरी भीती संपत नाही. तिच्यासमोर 'विषारी', 'वाईट भाजी' हे शब्द वापरू नका. "तुझ्या अंगाला काय आवडतं ते आपण शोधतोय आणि आता एकेक भाजी परत येणार आहे," एवढं तिला सांगा. वजनाचं म्हणाल, तर या वयात मूल वर्षभरात साधारण दोन ते तीन किलो वाढतं, महिन्याभरात काटा न हलणं स्वाभाविक आहे. वजन उतरलं असेल तर मात्र डॉक्टरांना सांगा. प्रयोग चालू असेपर्यंत रताळं, भोपळा, गाजर पोटभर द्या, आणि बटाटा-टोमॅटोतून मिळणाऱ्या क जीवनसत्त्वासाठी संत्रं, पेरू, कोबी.

उरलेले प्रश्न. रताळं दुसऱ्या कुळातलं आहे, काळी मिरीचा मिरचीशी काही संबंध नाही. दोन्ही खुशाल द्या. नव्वद पदार्थांची ती तपासणी करू नका. अशा तपासण्या बहुतेक वेळा रक्तातलं आयजीजी नावाचं प्रतिद्रव्य (अँटिबॉडी) मोजतात. ते शरीराने तो पदार्थ पूर्वी खाल्लाय एवढंच सांगतं. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच अन्नाच्या त्रासाचं निदान यावरून करू नये असं स्पष्ट म्हटलंय. त्या रिपोर्टवर पंधरा-वीस पदार्थ लाल रंगात येतील आणि मुलीचं खाणं आणखी आक्रसेल. अश्वगंधा मात्र आजपासून बंद करा. गंमत नाही, अश्वगंधा त्याच सोलॅनेसी कुळातली आहे, म्हणजे तुमचं पथ्य महिनाभर पूर्ण झालेलंच नाही. आणि त्याहून महत्त्वाचं, पाय ओढत चालणाऱ्या मुलीला डॉक्टरांना न विचारता कोणतीही औषधी पावडर देऊ नये. दवाखान्यात जाताना तिचं पाकीट बरोबर न्या.

प्रश्न : आमचा मुलगा दोन वर्षांचा आहे. बटाट्यात विष असतं हे वाचल्यापासून पत्नी बटाटा घरात आणू देत नाही. त्याला फक्त बटाटाच आवडतो. खरं काय?
— एक बाबा

उत्तर : दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं आहे. बटाट्यात सोलॅनिन आणि चॅकोनिन नावाची द्रव्यं असतात. चांगल्या बटाट्यात ती इतकी कमी असतात की त्रास होत नाही. उजेडात पडून हिरवा झालेला, कोंब आलेला, मार लागलेला बटाटा असेल तर ही द्रव्यं साल, डोळे आणि कोंब यांत वाढतात. हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी आहे, तो हरितद्रव्याचा, पण बटाटा उजेडात राहिला हे तो सांगतो. १९६९ साली लंडनमधल्या एका शाळेत सुट्टीआधीपासून पडून राहिलेले बटाटे जेवणात आले आणि ७८ मुलगे आजारी पडले. उलट्या, जुलाब, पोटदुखी, काहींना भ्रम झाला. सतरा जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं. म्हणजे धोका कल्पनेतला नाही.

उकडल्याने ही द्रव्यं नाहीशी होत नाहीत, हे पत्नीला माहीत असेल तर तिची भीती समजण्यासारखी आहे. पण साल जाड काढली की त्यांचा मोठा भाग निघून जातो. बटाटे अंधारात, कोरड्या जागी ठेवा, थोडेच आणा. लहान कोंब आला असेल तर तो डोळ्यासकट खोल कापून टाका. बराच हिरवा किंवा सुरकुतलेला बटाटा फेकून द्या, वाचवायला जाऊ नका. शिजवल्यावर कडू लागला, घशात चुरचुरला, तर मुलाला पुढचा घास देऊ नका. अशी निवड केलेला, सोललेला बटाटा दोन वर्षांच्या मुलाने खायला हरकत नाही.

फक्त बटाटाच आवडतो, याचं मात्र काहीतरी करा. त्याच्या बटाट्यात रोज एक चमचा दुसरी उकडलेली भाजी कुस्करा, आठवड्याने दोन चमचे. त्याने थुंकली तर रागावू नका, दोन दिवसांनी तीच भाजी परत द्या. या वयात एखादी चव आपलीशी व्हायला मुलांना ती कितीतरी वेळा चाखावी लागते.