निळा रंग टाकून तळ्यातील शेवाळ आवरते का?

बंगल्याच्या आवारातील तळ्यात निळा रंग टाकल्यास शेवाळ थांबेल का आणि कोई या शोभेच्या माशांना अपाय होईल का, असे आपण विचारले आहे. योग्य रंग असेल आणि तळे पुरेसे खोल असेल तर शेवाळ आवरते. माझी सारी नोकरी बडोद्याजवळच्या रंगद्रव्यांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत झाली. तरीही याच प्रश्नावर आमच्या सोसायटीच्या तत्कालीन चेअरमनसाहेबांनी मला भर बैठकीत 'पुस्तकी' ठरवले होते, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर लिहितो.

आमचे कारंज्याचे तळे जेमतेम दीड फूट खोल. तळ्यांसाठी मिळणारा तयार रंग महाग पडतो, म्हणून साहेबांनी बाजारातून कापड रंगवायची सुटी निळी पूड आणली. तळ्याच्या रंगात मुख्यतः अॅसिड ब्लू 9 असते, म्हणजे खाद्यपदार्थांत वापरले जाणारे ब्रिलियंट ब्लू, आणि त्याच्या जोडीला पुष्कळदा पिवळे टार्ट्राझिन. पहिले 630 नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा प्रकाश शोषते, दुसरे 425 च्या आसपासचा जांभळा-निळा, आणि हरितद्रव्याला हेच दोन पट्टे हवे असतात. कापडाच्या पुडीत मात्र प्रमाण जुळवण्यासाठी मीठ मिसळलेले असते, काही निळ्या रंगांच्या रेणूतच तांबे असते, आणि धनभारित रंग तर माशांना सर्वांत घातक. हे सारे मी बैठकीत सांगितले, त्यावर "रंग म्हणजे रंग" असे उत्तर मिळाले. पायऱ्या निळ्या झाल्या, वॉचमनचे हात निळे झाले, आणि शेवाळ होते तिथेच राहिले. दीड फुटात उत्तम रंगही फारसे काही करू शकत नाही, कारण तळापर्यंत प्रकाश पोहोचतोच.

आपले तळे निदान तीन फूट खोल असेल तरच खर्च करावा. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली फुटांत मोजून गुणाकाराला 28 ने गुणले की लिटर मिळतात. मात्रा डब्यावरील सूचनेप्रमाणेच घ्यावी. उन्हाळा तापण्याआधी, पाणी स्वच्छ असताना रंग टाकावा, कारण तो शेवाळ मारत नाही, फक्त वाढू देत नाही. तरंगणारे थर आधी जाळीने काढावेत. पाणी आधीच गर्द हिरवे असेल तर प्रकाशाअभावी मरणारे शेवाळ कुजून पहाटे प्राणवायू घटतो, तेव्हा कारंजे रात्रभर चालू ठेवावे. जलपर्णीवर रंगाचा परिणाम होत नाही, कारण तिची पाने पाण्याबाहेर असतात. कमळाचे पाण्याखालचे कोवळे कोंभ मात्र खुरटतात. पावसाळ्यात तळे भरून वाहत असेल तर रंग टाकूच नये. आमच्याकडील पाणी गटारातून थेट विश्वामित्री नदीकडे जाते.

शिवाय हे सारे वरवरचे उपचार आहेत. शेवाळाला अन्न पुरवतो आपणच: हिरवळीला घातलेला युरिया पावसाने तळ्यात उतरतो, आणि सकाळच्या फेरफटक्यानंतर माशांना गाठिया आणि शिळी पोळी घालणारे सभासद उरलेले काम पूर्ण करतात. त्यांत चेअरमनसाहेब अग्रभागी होते. माशांना बाहेरचे खाणे घालू नये अशी पाटी लावण्याची माझी सूचना त्या बैठकीच्या इतिवृत्तात 'विचारार्थ' म्हणून नोंदवली गेली, आणि नवी कार्यकारिणी आल्यावरही ती विचारार्थच आहे.