सोलापुरातील आमचा पंक (वेगवान, बंडखोर रॉक संगीताचा) बँड दोन वर्षांतच फुटला. अशा अल्पायुषी बँडचे मागे काही उरते का?

उरते, मात्र गाण्यांपेक्षा कामाच्या पद्धतीतून अधिक. वॉशिंग्टन डीसीमधील ‘मायनर थ्रेट’ हा पंक बँड १९८० ते १९८३ एवढाच टिकला. तरीही त्यातील इयान मॅकाय आणि जेफ नेल्सन यांनी मोठ्या कंपन्यांच्या दारी न जाता ‘डिस्कॉर्ड’ या स्वतःच्या लेबलवर (ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या छोट्या कंपनीतर्फे) ध्वनिमुद्रिका काढल्या, सुरुवातीची वेष्टने हाताने कापून चिकटवली, आणि बँड फुटल्यावरही ते लेबल शहरातील इतर बँडची गाणी काढत राहिले. त्यांच्या मिनिटभरही न चालणाऱ्या एका गाण्यातून निर्व्यसनी ‘स्ट्रेट एज’ चळवळीला नाव मिळाले (पंककडून ही अपेक्षा कोणी केली असती?). मागांच्या सोलापूरला घरच्या घरी माल तयार करणे नवे नाही. तुमची ध्वनिमुद्रणे तारखांसह जपा आणि तालमीची खोली नव्या मुलांना वापरू द्या.