बाउचरकॉनला जायचंय? आधी मतपत्रिका, मग बॅग

इंग्रजी रहस्यकथांची वार्षिक संमेलनं आणि तिथले पुरस्कार यांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची ही उत्तरं.

रहस्यकथांच्या मोठ्या संमेलनाचं नाव ‘बुशेकॉन’ की ‘बाउचरकॉन’? आणि तिथे नेमकं होतं काय? (पुणे)

बाउचरकॉन. ‘व्हाउचर’शी यमक जुळवा, चुकणार नाही. अँथनी बाउचर (खरं नाव विल्यम अँथनी पार्कर व्हाइट, १९११–१९६८) हे न्यूयॉर्क टाइम्समध्ये रहस्यकथांची परीक्षणं लिहीत. स्वतः लेखक, संपादक आणि अनुवादकही. अर्जेंटिनाचे लेखक बोर्खेस यांची कथा इंग्रजीत पहिल्यांदा आणली ती त्यांनीच. त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९७० साली, कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाला त्यांच्या नावाने पहिलं संमेलन भरलं. आपल्या साहित्य संमेलनासारखं याचंही गाव दरवर्षी बदलतं. बहुतेकदा ते अमेरिकेतलं असतं, पण १९९० साली लंडन, १९९५ ला नॉटिंगहॅम आणि २०१७ ला टोरांटो झालं. फरक असा की इथे ठराव नाहीत, अध्यक्षपदाचा वाद नाही आणि मंचावर पुढारीही नाहीत. गावोगावचे स्वयंसेवक सगळा व्याप सांभाळतात. सन्माननीय पाहुण्यांमध्ये लेखकांच्या बरोबरीने एक ‘फॅन गेस्ट ऑफ ऑनर’ असतो, म्हणजे निव्वळ वाचक. ही प्रथा आपल्याकडे उचलण्यासारखी आहे.

अँथनी, एडगर, अगाथा, मॅकॅव्हिटी… या पुरस्कारांतला मोठा कुठला? (नागपूर)

मोठा कुठला याआधी मत कोणाचं हे बघा, म्हणजे यादीचा अर्थ लागतो. एडगर पुरस्कार मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिका ही लेखकांची संघटना १९४६ पासून देते. प्रत्येक विभागाला लेखक-परीक्षकांची समिती असते. ती वर्षभर पुस्तकं वाचते आणि निकाल न्यूयॉर्कच्या मेजवानीत लागतो. अँथनी १९८६ पासून बाउचरकॉनमध्ये दिला जातो आणि तिथे मत असतं संमेलनाला आलेल्यांचं. अगाथाचंही तसंच. तो ‘मॅलिस डोमेस्टिक’ या संमेलनात मिळतो. हे संमेलन १९८९ पासून वॉशिंग्टनच्या परिसरात, आता मेरीलँडमधल्या बेथेस्डाला भरतं. तिथे फक्त जुन्या वळणाची रहस्यकथा चालते: खून हवा, पण रक्ताचा सडा नको, उघड शृंगार नको. बक्षीस म्हणून मिळते चहाची किटली आणि तिच्यावर कवटी. मॅकॅव्हिटी पुरस्कार मिस्टरी रीडर्स इंटरनॅशनल या वाचकसंघटनेचे सदस्य देतात, तर बॅरी ‘डेडली प्लेझर्स’ या नियतकालिकाचा. हे दोन्ही बऱ्याचदा बाउचरकॉनच्याच मंचावर जाहीर होतात, म्हणून लोक त्यांनाही ‘बाउचरकॉनचे पुरस्कार’ समजतात.

आमचं मत विचाराल तर, कसून पारखलेलं पुस्तक हवं असेल तेव्हा एडगरची नामांकनं बघावीत आणि रात्री दोनपर्यंत जागवणारं हवं असेल तेव्हा अँथनीची.

सुजाता मॅसी यांच्या ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ या कादंबरीला एका ठिकाणी २०१८ चा पुरस्कार लिहिलाय, दुसरीकडे २०१९ चा. छपाईची चूक का? (ठाणे)

चूक नाही, मोजणी वेगळी. पुस्तक आलं जानेवारी २०१८ मध्ये. अगाथा पुरस्काराला पुस्तक ज्या वर्षी निघालं त्या वर्षाचं नाव लागतं. म्हणून ‘अगाथा २०१८, उत्कृष्ट ऐतिहासिक कादंबरी’, जरी किटली हातात पडली २०१९ मध्ये. एडगर आणि अँथनी ज्या वर्षी देतात तेच वर्ष लिहितात. याच पुस्तकाला एडगरच्या सोहळ्यात मिळालेला मेरी हिगिन्स क्लार्क पुरस्कार म्हणूनच २०१९ चा. विजेत्यांच्या यादीवरून वाचन ठरवणार असाल तर एडगर-अँथनीच्या वर्षातून एक वजा करा. नाहीतर ग्रंथालयात भलत्याच वर्षाचा कप्पा धुंडाळत बसाल.

जाता जाता: १९२१ च्या मुंबईत वकिली करणारी यातली परवीन मिस्त्री उभी करताना लेखिकेसमोर कॉर्नेलिया सोराबजी होत्या. ऑक्सफर्डला कायदा शिकलेल्या या पहिल्या बाईंचा जन्म आपल्या नाशिकचा.

मी यंदा बाउचरकॉनसाठी नोंदणी केली, पैसे भरले, पण नामांकनाची मतपत्रिका आलीच नाही. (न्यू जर्सी)

आधी ईमेलचा स्पॅम कप्पा उघडा. दहातल्या आठ तक्रारी तिथेच मिटतात. नसेल तर नोंदणी कोणत्या ईमेलवर केली ते तपासा. नवरा-बायकोची नोंदणी एकाच ईमेलवर असली की एकच दुवा येतो आणि दुसऱ्याचं मत बुडतं. तरीही नाही मिळाली तर मुदत संपायच्या आत संयोजकांना नोंदणी क्रमांकासह लिहा. मुदतीनंतर कोणी ऐकत नाही.

मतदान दोन टप्प्यांत होतं. आधी नामांकन: प्रत्येक विभागात पाच नावांपर्यंत. सर्वाधिक वेळा आलेली नावं अंतिम यादीत जातात. नंतर अंतिम मत संमेलनातच, आलेल्यांनी द्यायचं. घरबसल्या नामांकन करून शेवटच्या मताला गैरहजर राहणारे पुष्कळ.

इथली नेहमीची चूक विभागाची. ‘पेपरबॅक ओरिजिनल’ म्हणजे थेट पेपरबॅकमध्ये निघालेलं पुस्तक. तुमच्या हातात पेपरबॅक आहे म्हणून ते या विभागात बसत नाही. आधी हार्डकव्हर निघालं असेल तर ते मत वाया. शीर्षकपानाच्या मागचं श्रेयपान बघा, पहिली आवृत्ती कोणत्या बांधणीत आणि कधी आली ते तिथे कळतं.

बाउचरकॉनला गेल्यावर चार दिवस कसे घालवावेत? (डॅलस)

एकाच वेळी पाच-सहा दालनांत चर्चासत्रं चालू असतात. मंचावर चार-पाच लेखक आणि एक संचालक. लेखकाच्या नावावर जाऊ नका, संचालकाच्या नावावर जा. संचालकाने पुस्तकं वाचलेली असतील तरच सत्र रंगतं, नाहीतर पाचही जण आपापल्या नव्या पुस्तकाची जाहिरात करून उठतात. सत्र संपलं की लेखक लगेच सहीच्या टेबलांकडे जातात. प्रसिद्ध नाव असेल तर प्रश्नोत्तरं सुरू झाली की मागच्या दाराने निघून रांग धरा.

रांगेत एका वेळी तीनपेक्षा जास्त पुस्तकं पुढे करू नयेत, आणि त्यातलं एक तरी तिथल्याच विक्रेत्याकडून घेतलेलं असावं. आपलं नाव कागदाच्या चिटोऱ्यावर मोठ्या रोमन अक्षरांत लिहून ते शीर्षकपानाशी लावा. ‘ज्ञानेश्वर’ ऐकून कुठला अमेरिकन लेखक सुरुवातीला डी लिहील? पुस्तक संग्रहासाठी असेल तर नुसती सही मागा. नाव घातलं की संग्राहकांच्या बाजारात किंमत सहसा घटते. पहिली आवृत्ती ओळखायला श्रेयपानावरची आकड्यांची ओळ पाहा. बहुतेक अमेरिकन प्रकाशकांच्या ओळीत १ शाबूत असेल तर पहिली छपाई.

मोहात पडलात तर वजन लक्षात ठेवा. हार्डकव्हर साधारण सहाशे-सातशे ग्रॅमचं, म्हणजे दहा पुस्तकांचे सहा-सात किलो. अमेरिकेतल्या घरी न्यायची असतील तर टपाल खात्याचा ‘मीडिया मेल’ दर स्वस्त पडतो, मात्र खोक्यात पुस्तकांबरोबर टी-शर्ट कोंबलात तर तो दर लागू होत नाही.

संमेलनाच्या हॉटेलातल्या सवलतीच्या खोल्या लवकर संपतात. आधी खोली धरा, विमान नंतर. खोली एकवेळ रद्द करता येते, स्वस्त तिकिटाचे पैसे मात्र सहसा परत मिळत नाहीत.

लाजाळू वाचकांसाठी मॅलिस डोमेस्टिक बरं. तिथे ‘मॅलिस गो राउंड’मध्ये लेखकांच्या जोड्याच तुमच्या टेबलापाशी येतात आणि प्रत्येक जण दोन मिनिटांत आपलं पुस्तक सांगून पुढे सरकतो.

२०२६ चं बाउचरकॉन कॅलगरीला आहे. माझ्याकडे एच-१बी आहे, चालेल? (सिएटल)

कॅलगरी कॅनडात. भारतीय पासपोर्टवर नुसत्या एच-१बीने तिथे जाता येत नाही, कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. ग्रीनकार्ड असेल तर तो लागत नाही, पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही सोबत ठेवा. पासपोर्टवरचा अमेरिकेचा शिक्का संपलेला असेल तर परत येण्याचं काय, हे तिकीट काढण्याआधी वकिलाला विचारा.

माझ्या मराठी रहस्यकादंबरीचा इंग्रजी अनुवाद होतोय. अँथनीसाठी प्रत कुठे पाठवू? (कोल्हापूर)

कुठेही नाही. अँथनीला प्रवेशिका नसते. मत देणाऱ्यांनी पुस्तक वाचलेलं असलं तरच नाव येतं, आणि अमेरिकेतल्या दुकानात न पोचलेलं पुस्तक तिथे कोणी वाचत नाही. पुस्तक डिसेंबरात निघालं तर नामांकनाआधी हाती पडायला जेमतेम काही आठवडे उरतात. प्रकाशकाशी तारीख ठरवताना हे बोला.

एडगरला मात्र पुस्तक पाठवता येतं. ते अमेरिकेत त्या वर्षी पहिल्यांदाच निघालेलं असावं, आणि समितीतल्या प्रत्येक परीक्षकापर्यंत ते मुदतीत पोचवावं लागतं. अनुवाद चालतो. जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांची अनुवादित कादंबरी २०१२ साली सर्वोत्कृष्ट कादंबरीच्या अंतिम यादीत होती. ब्रिटनमध्ये प्रकाशक मिळाला तर तिथल्या क्राइम रायटर्स असोसिएशनचा अनुवादित पुस्तकांसाठीचा स्वतंत्र ‘डॅगर’ पुरस्कार आहे, २००६ पासून. अनुवादकाचा करार करताना पुरस्काराच्या रकमेची वाटणी आधीच लिहून घ्या.

इन्स्पेक्टर घोटे या इंग्रजी कादंबऱ्यांतल्या आपल्या मुंबईच्या पोलिसाला कधी पुरस्कार मिळाला का? (दादर)

पहिल्याच कादंबरीला. एच. आर. एफ. कीटिंग यांच्या ‘द परफेक्ट मर्डर’ला क्राइम रायटर्स असोसिएशनचाच १९६४ चा गोल्ड डॅगर मिळाला. तोवर कीटिंग यांनी मुंबई पाहिलेलीच नव्हती. ते इथे पहिल्यांदा आले दहाएक वर्षांनी, घोटेच्या बऱ्याच कादंबऱ्या छापून झाल्यावर.